बिनतोंडाची आई

तंजावूर
७ नोव्हेंबर १९९४

ती. बाळकृष्णमामांस,
शि. सा. नमस्कार.

दिवाळीचं तुमचं कार्ड पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण घरात लग्न निघालं आहे. आमच्या जननीचं ठरलं. मुलगा तिरुचीला इंजिनिअर आहे, आपल्यातलाच. मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की तमिळमध्ये पळून जातो. मुहूर्त तै महिन्यात, म्हणजे जानेवारीच्या शेवटी. तुम्ही यायचं आहे.

पण आज लिहिते आहे ते वेगळ्याच कारणाने. तुम्ही जन्मभर सरकारी टांकसाळीत सोन्याचा कस काढलात, तेव्हा तुम्हालाच विचारायला पाहिजे. माझी अम्मा गेल्यापासून आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, त्यामुळे घरातलं सगळं मोकळेपणाने लिहिते. माझं मराठी अर्धं अम्माचं नाशिकचं आणि अर्धं इथलं झालं आहे, हसू नका.

आमच्या देव्हाऱ्यात कुलस्वामिनीचा सोन्याचा टाक आहे. लांबट, तळहातात मावेल एवढा, पत्र्यासारखा पातळ. एकोजीराजांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज इकडे आले तेव्हा आईला छातीशी बांधून आणलं, असं घरात सांगतात. वर पंख्याच्या आकाराचा मुकुट आहे, खाली तसंच पायांचं आसन, आणि मधे सगळीकडे आडव्या रेघा. त्या आईच्या पातळाच्या निऱ्या. तोंड मात्र नाही. झिजून गेलं.

या तोंडापायी आत्याबाईंचा जीव जळतो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, शेषम्मा; आमच्याकडे सासूला अजून आत्याबाईच म्हणतात. त्या नव्या नवरी असताना देव घासायचं काम त्यांच्याकडे आलं. रोज चिंच लावून घासायच्या. मग एकदा त्यांच्या सासूबाईंना, राजमआज्जींना, पहिला चष्मा लागला. तो लावून त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “आईचं तोंड कोठे गेलं? शेषम्मा, तू घासून घालवलंस.” पुन्हा त्यावर कधी बोलल्या नाहीत. पण आत्याबाईंनी ते जे मनात धरलं ते आजवर. त्यांचं एक मूल दगावलं, तेव्हाही म्हणाल्या, माझ्या हातून आईचं तोंड गेलं ना. आमच्या ह्यांची बदली झाली तेव्हाही तेच.

आता नातीच्या लग्नाआधी देव उजळायचे असं त्यांनी मनात घेतलं आहे. आईला नवं तोंड, नवे डोळे व्हायला पाहिजेत, आईने जननीला डोळे भरून बघितलं पाहिजे. त्यासाठी त्यागराज आसारीला, आमच्या सोनाराला, बोलावलं. त्याने कसोटीच्या दगडावर टाक घासला आणि म्हणाला, “अम्मा, यात अर्धी चांदी आहे. कोणी फसवलं तुम्हाला?” आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आधी तोंड गेलं, आता सोनंही खोटं.

मामा, खरं काय असेल? डिसेंबरच्या मध्यात मार्गळी महिना लागला की इथे असली कामं करत नाहीत, म्हणून त्याच्या आत सगळं उरकायचं आहे. लवकर उत्तर होणा.

तुमची,
श्रीविद्या


नाशिक
१४ नोव्हेंबर १९९४

चि. श्रीविद्येस अनेक आशीर्वाद.

जननीचं ठरलं, फार बरं वाटलं. ‘उत्तर होणा’ वाचून तुझ्या वडिलांची आठवण झाली. तुझ्या आईच्या लग्नात ते मला सारखे ‘कॉफी होणा का’ विचारत होते, आणि मी आपला ‘काय होणार?’ असं उलट विचारत होतो. तुमच्याकडे ‘होणा’ म्हणजे ‘हवं’ हे मला कळलं नाही आणि शेवटपर्यंत कॉफी मिळाली नाही.

आता टाकाचं. तुझ्या आसारीने खरं तेच सांगितलं असणार. शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा नखाने वाकतो, म्हणून सोनार त्यात काहीतरी मिसळतोच. कोणा पणजोबांच्या सोनाराने जरा हात सैल सोडला, इतकंच. माझ्याकडे दर रविवारी कोणी ना कोणी शिवकालीन होन घेऊन येतो. खोटा आहे म्हटलं की चहा न पिता उठून जातो. निवृत्त होऊन मी लोकांची मनं मोडायचा धंदा काढला आहे, असं तुझी मामी म्हणते. तुझ्या सासूबाईंचं मन मला मोडायचं नाही. त्यांना सांग, टांकसाळीचे मामा म्हणतात, आई खरी आहे, चांदीचं मनाला लावून घेऊ नका. उजळायचं तर खुशाल उजळा.

एक मात्र विचारतो. आपल्याकडचा टाक ठशावर ठोकून करतात. पुढून जे वर आलेलं असतं ते मागून खोल असतं. तुझ्या त्या निऱ्या मागच्या बाजूनेही दिसतात का? सवड झाली तर टाकावर पातळ कागद ठेव, मऊ शिसपेन्सिल फिरव आणि दोन्ही बाजूंचे छाप पाठव. घाई नाही.

तुझा,
बाळकृष्णमामा


तंजावूर
२१ नोव्हेंबर १९९४

ती. मामांस, शि. सा. न.

तुमचं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. ‘आई खरी आहे’ यावर त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि ‘खुशाल उजळा’ यावर त्यागराजला लगेच निरोप धाडला. शुक्रवारी, दोन डिसेंबरला, तो टाक न्यायला येतो. तुमच्या शब्दाला इथे केवढा मान आहे बघा. माझ्या शब्दावर या घरात सांबारात मीठसुद्धा वाढत नाही.

छाप सोबत आहेत. कागद आत्याबाईंनीच धरला होता, आईला पेन्सिल टोचू नये म्हणून.

तुम्ही विचारलंत ते बरोबर निघालं. मागून निऱ्या दिसतच नाहीत. मागची बाजू गुळगुळीत आहे. मधोमध एका झटक्यात काढलेलं नागमोडी काहीतरी आहे, खाली एकदोन बारीक ठसे, आणि वरच्या अंगाला एक अक्षर. दोन आडव्या रेघा, खाली दोन पाय, त्यातला उजवा पाय शेवटी वर वळलेला. आत्याबाई म्हणतात ते मोडी आहे, पूर्वजांच्या नावाचं. मला मोडी येत नाही, तुम्ही बघा.

मी कॉलेजात मुलींची भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथलं भिंग घरी आणलं होतं. त्यातून बघितलं तर निऱ्यांच्या वर आलेल्या कडा पांढुरक्या आहेत, आणि खाचांत मात्र पिवळाधमक रंग. एकाच पत्र्याला दोन रंग कसे? आसारीने दगडावर घासला तो कडेचा भाग, म्हणून त्याला चांदी दिसली असेल का? मला काही कळत नाही, पण कालपासून सारखी भिंग घेऊन बसते आहे. सांगायला कोणी नाही. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, मंडप कोणाला सांगायचा ते आधी ठरव.

श्रीविद्या


नाशिक
२८ नोव्हेंबर १९९४

श्रीविद्या,

आशीर्वाद वगैरे नंतर. छाप मिळाले. बसून लिहितो आहे, पण बसवत नाही. सकाळपासून तीनदा वाचनालयात जाऊन आलो. ग्रंथपालाला वाटलं मला काही झालं.

ते अक्षर मोडी नाही. मीही आधी मोडीच वाचायला गेलो, चष्मा पुसला, कागद उलटा धरला. मग लक्षात आलं की आपण चुकीच्या देशात शोधतो आहोत. ते अक्षर जपानी आहे. आणि तुमचा टाक, माझा अंदाज बरोबर असेल तर, जपानचं सोन्याचं नाणं आहे. त्याला कोबान म्हणतात. मी जन्मभरात एकदाच पाहिलं, तेही काचेपलीकडून.

तुमचा मुकुट म्हणजे पंख्याच्या चौकटीत किरी नावाच्या झाडाची पानंफुलं, हा तिथल्या सरकारचा ठसा. तुमचं आसन म्हणजे तोच ठसा खाली. तुमच्या निऱ्या म्हणजे टांकसाळीच्या कारागिराने छिन्नीने मारलेल्या रेघा. मधे छापात पुसट दिसतं ते नाण्याचं मोल आणि टांकसाळ-प्रमुखाची सही. आणि मागचं अक्षर ‘गेन’, म्हणजे गेनरोकू या काळातलं नाणं, १६९५ पासून पुढे काही वर्षं पाडलेलं. त्या अक्षराचा अर्थ ‘मूळ’, ‘आद्य’ असा सांगतात.

एकोजीराजांच्या वेळी हे पाडलंही नव्हतं, मग तंजावुरात आलं कसं? तुमच्या नागपट्टणात तेव्हा डच होते. त्यांची जहाजं जपानहून असलं सोनं भरून तुमच्या किनाऱ्यावर आणत. इथे ते वितळवून त्याची आपली नाणी पाडत. म्हणून ही जपानी नाणी तुमच्याकडे हजारोंनी आली आणि जवळपास सगळी मुशीत गेली. हे एक कोणीतरी ठेवून घेतलं. का, ते तुमच्या पूर्वजांना ठाऊक. कदाचित कोणाला त्यात बाईची आकृती दिसली.

आता तुझ्या दोन रंगांचं. १६९५ मध्ये जपानी सरकारने सोन्यात भरपूर चांदी मिसळायला सुरुवात केली. पण नाणं पिवळं दिसावं म्हणून वरून क्षार लावून तापवत. त्याने वरवरची चांदी निघून जाई आणि सोन्याचा पातळ थर राही. तुमच्याकडे पिढ्यान्पिढ्या घासून तो थर कडांवरून गेला, खाचांत राहिला. आसारी खोटं बोलला नाही. पण फसवणूक तुमच्या सोनाराने केलेली नाही, जपानच्या सरकारने केलेली आहे.

मात्र अजून आनंदाने नाचू नकोस. या नाण्याच्या नकलाही होतात. तुझ्याकडे प्रयोगशाळेचा तराजू आहे ना? टाक दोऱ्याने टांगून आधी हवेत तोल, मग पाण्यात बुडवून तोल. हवेतल्या वजनाला वजनातल्या घटीने भाग. उत्तर एकोणीसच्या आसपास आलं तर निव्वळ सोनं, सतराच्या आसपास आलं तर त्याच्याआधीचं चांगल्या कसाचं नाणं, आठ-नऊ आलं तर पितळेवर मुलामा. चौदाच्या थोडं वर आलं पाहिजे. आलं तर मला कळव, झोप लागणार नाही तोवर.

आणि हो, ते उजळणं तेवढं थांबवा. चिंच तर लावूच नका. परीक्षा होऊ दे, मग काय चकचकीत करायचं ते करा.

बाळकृष्णमामा


तंजावूर
३ डिसेंबर १९९४, शनिवार

मामा,

तुमच्याकडे उजळणे म्हणजे चकचकीत करणे? हे मला आज कळलं. आमच्याकडे देव उजळायचे म्हणजे जुना टाक मुशीत घालून वितळवायचा आणि त्याच सोन्याचा नवा करायचा. आणि तुम्ही लिहिलंत, खुशाल उजळा.

तुमचं पत्र आज, शनिवारी आलं. त्यागराज काल येऊन गेला. आता श्वास सोडा, टाक माझ्याजवळ आहे. मी आत्याबाईंना म्हटलं होतं, आसारीला द्यायच्या आधी कॉलेजात वजन करून आणते, म्हणजे नवा टाक तेवढाच भरतो की नाही ते कळेल. आत्याबाईंचा त्यागराजवर राग होताच, त्या लगेच हो म्हणाल्या. पण काल तराजूची खोली परीक्षेसाठी बंद होती, किल्ली मिळाली नाही, म्हणून टाक माझ्या पिशवीतच राहिला. त्यागराज संध्याकाळी आला आणि कुरकुरत परत गेला. पुढच्या शुक्रवारी शेवटचा येतो म्हणाला, त्यानंतर मार्गळी.

तुमचं पत्र मी दारात उभी राहूनच वाचलं. तशीच टाउन बस पकडून कॉलेजात गेले. शनिवार दुपार, कोणी नव्हतं, फक्त सुंदरी, माझ्याबरोबर प्रात्यक्षिकं घेते ती. मी आईला रेशमी दोऱ्याने बांधून चंचुपात्रात बुडवते आहे हे बघून ती म्हणाली, तुम्ही मराठी लोक अभिषेकसुद्धा मोजून करता का?

हवेत १७.६२ ग्रॅम. पाण्यात १६.३८. घट १.२४. भागाकार १४.२.

तीनदा केलं मामा. दोरा बदलून, पाणी बदलून. १४.२. सुंदरीने स्वतः एकदा केलं, तिचंही तेच. मी तिला मिठीच मारली, तिला कारण माहीत नसताना.

पण घरी येताना सगळा आनंद उतरला. आत्याबाईंना काय सांगू? आधी तोंड गेलं, मग सोनं खोटं ठरलं, आता म्हणू की ही आईच नव्हे, परदेशातलं नाणं आहे? तेही लग्न तोंडावर असताना? त्या शुक्रवारची वाट बघत आहेत. आईचे डोळे कसे पाहिजेत ते त्यागराजला कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठाने जमिनीवर काढून दाखवतात.

तुम्ही अजून ‘अंदाज’ म्हणता आहात. मला अंदाजावर त्यांचं मन मोडायचं नाही. माझे आकडे बघा आणि शुक्रवारच्या आत तार करा. नाणं नाही म्हणालात तर टाक मुशीत जाऊ दे, त्यांना त्यांचं तोंड मिळू दे. नाणं आहे म्हणालात तर मी दारात आडवी पडते.

श्रीविद्या


नाशिक
८ डिसेंबर १९९४

चि. श्रीविद्या,

तार केली. ‘नाणे खरे. मूस थांबवा.’ तारखिडकीवरच्या माणसाने ते ‘मूल थांबवा’ असं वाचलं आणि माझ्याकडे फार करुणेने बघितलं. शुद्धलेखन समजावून सांगेपर्यंत माझ्यामागे रांग लागली.

‘खुशाल उजळा’ हे शब्द मी लिहिले, ते आठवून काल रात्री दोनदा उठून बसलो. हजारो मुशीत गेली, त्यातलं वाचलेलं हे एक मी पोस्टकार्ड पेटीत टाकावं तितक्या बेफिकिरीने मुशीत घालत होतो. तुझ्या कॉलेजच्या त्या न मिळालेल्या किल्लीला माझा नमस्कार सांग.

आता शंका उरली नाही. १४.२ म्हणजे सोनं शंभरात सत्तावन्नच्या जवळ, गेनरोकूचं अगदी हेच प्रमाण. नवं नाणं १७.८ ग्रॅमच्या आसपास असायचं, तुझं १७.६२ आहे. रंग कडांवरून गेलेला आणि खाचांत राहिलेला, हे नक्कल करणाऱ्याला साधत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, छापात छिन्नीच्या रेघा या काठापासून त्या काठापर्यंत तुटत नाहीत, फक्त ठशांपाशी दबतात. पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघितलं. मी आयुष्यभर लोकांना ‘खोटं आहे’ म्हणत आलो. ‘खरं आहे’ म्हणायला मिळालं, आणि तेही असल्या वस्तूला. काल मी मामीला घेऊन मिसळ खाऊन आलो, डॉक्टरला कळवू नकोस.

आता नीट ऐक. ते आजच्या आज देव्हाऱ्यातून काढ. हळदकुंकू, दूध, पाणी, सगळं बंद. कापसात गुंडाळून डबीत ठेव. सासूबाईंना स्पष्ट सांग की हे नाणं आहे, देव नाही, उगाच गोडगोड बोलू नकोस. जानेवारीत आमच्या नाणेसंग्राहकांची सभा आहे. लग्नाआधी कोणाबरोबर तरी नाणं पाठवता आलं तर बघ. लोक उठून उभे राहतील.

बाळकृष्णमामा


तंजावूर
१५ डिसेंबर १९९४

ती. मामांस, शि. सा. न.

तार शुक्रवारी दुपारी आली, त्यागराज संध्याकाळी आला. मी आत्याबाईंना एवढंच सांगितलं की मामांनी थांबायला सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, “आधी उजळा म्हणाले, आता नको म्हणतात. सरकारी टांकसाळीत असंच चालतं का?”

मग तुमचं पत्र आलं, आणि मी तुमच्यावर चिडले. देव्हाऱ्यातून काढ, कापसात गुंडाळ, देव नाही म्हणून सांग. मामा, तुम्ही कधी या घरात राहिला नाहीत. पत्र ट्रंकेत टाकलं आणि भात कालवायला बसले. कालवता कालवता हात थांबला. नवं असताना १७.८. आज १७.६२. म्हणजे इतक्या पिढ्यांच्या घासण्याने गेलं किती? चिमूटभर तांदूळ. आणि तुमचं ते दुसरं वाक्य, रेघा या काठापासून त्या काठापर्यंत तुटत नाहीत.

तुम्ही नाण्याबद्दल लिहिलं होतं. मी ते आत्याबाईंबद्दल वाचलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना ऑटोत बसवून कॉलेजात नेलं. टाक त्यांच्याच मांडीवर, रेशमी वस्त्रात. कशाला नेतेस, असं त्यांनी विचारलं नाही, फार घाबरल्या होत्या. सुंदरीने दिवा लावला, मी टाक मोठ्या भिंगाखाली ठेवला आणि म्हटलं, “आत्याबाई, तोंड जेथे होतं तेथे बघा.”

त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “येथेही निऱ्या आहेत.”

“तोंड असतं तर त्याच्यावरून निऱ्या गेल्या असत्या का?”

त्यांनी भिंगावरून डोळा काढला नाही. हळूच विचारलं, “माझ्या घासण्याने नाही?”

मी म्हटलं, तुमच्या घासण्याने नाही, राजमआज्जींच्या नाही, कोणाच्याच नाही. तोंड कधी नव्हतंच. मग सगळं सांगून टाकलं, जपान, डच, नाणं, चांदी, तराजू. मला वाटलं त्या कोसळतील. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आमच्या आत्याबाईंना चष्मा नव्हता तोवर तोंड दिसत होतं, आणि चष्मा लागल्यावर दिसेना. आणि भोगलं मी.” आणि हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. सुंदरीही रडली, तिला मराठी समजत नसताना. मी पण रडले, मला कशाला लाज.

पुढचं त्या सांगतात, मी लिहिते. एक शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे.

“बाळकृष्णराव यांस शेषम्माचा नमस्कार. तुम्ही नाणं म्हणता, बरं. नाणं म्हणजे ह्याच्या हातून त्याच्या हातात जातं ते. आमच्या घरी आल्यापासून हे कोणी कोणास दिलं नाही. रोज न्हाऊ घातलं, नैवेद्य दाखवला, अडचणीत हात जोडले. दुष्काळातसुद्धा कोणी बाजारात नेलं नाही. मग ते नाणं कसं? तुम्ही अक्षराचा अर्थ आद्य म्हणून लिहिलात. आद्य म्हणजे कोण, ते आम्हाला ठाऊक आहे. आई देव्हाऱ्यातून हलणार नाही. उजळणार पण नाही, नव्हतं ते तोंड आता कशाला करायचं. चिंच बंद करते, तेवढं तुमचं ऐकते. सभेत सांगायचं तर सांगा, कागदावरचे छाप दाखवा. मला एक होणा. तुम्ही टांकसाळीचे, तुमच्या लिहिण्याला मान आहे. तोंड कधी नव्हतं म्हणून लिहून द्या. राजमआत्याबाई आता नाहीत, पण त्यांची लेक, माझी नणंद, कुंभकोणमहून लग्नाला येते आहे. तिच्या आईने मला जे म्हटलं ते तिने साऱ्या नात्यात सांगितलं आहे. तिच्यासमोर वाचायचं आहे.”

झालं. खाली त्यांनी तमिळमध्ये सही केली आहे.

श्रीविद्या


नाशिक
२१ डिसेंबर १९९४

चि. श्रीविद्येस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. ‘देव नाही’ असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. कस काढणं माझं काम, तो निर्णय माझ्या खात्यात येत नाही. सभेत छाप दाखवीन, आणि वस्तू कुठे आहे असं कोणी विचारलं तर ‘पूजेत आहे’ म्हणून सांगेन.

मी लग्नाला येतो आहे, तिकिटं काढली. पण गाडीचा काय भरवसा, म्हणून कागद आधीच धाडतो. चांगल्या कागदावर, शाईच्या पेनाने लिहिला आहे. सरकारी शिक्का आता माझ्याजवळ नाही, त्याची खंत मला प्रथमच वाटली. मराठी न कळणाऱ्यांसाठी तमिळ तू करून वाच. आवाज मोठा ठेव.

बाळकृष्णमामा

दाखला

दाखला देण्यात येतो की, तंजावूर येथील श्रीमती शेषम्मा यांच्या देव्हाऱ्यातील सोन्याची आई मी छाप, वजन व घनता यांवरून तपासली. ती अस्सल आहे. तिला मुळात तोंड नव्हते. घडवली त्या दिवसापासून आजपर्यंत तिच्या अंगचे जे झिजले ते चिमूटभर असून त्यात अनेक पिढ्यांचा वाटा आहे. श्रीमती शेषम्मा यांच्या हातून आईचे काहीही गेलेले नाही. याबाबत पूर्वी जे बोलले गेले ते चुकीचे होते.

बाळकृष्णराव
निवृत्त, कसविभाग, सरकारी टांकसाळ